लोकनायक बापूजी अण्यांची तसबीर : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य आणि सभासद बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावलेली यादी मी वाचली. १८३२ साली सहा जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. येत्या सहा जानेवारीला वाचनखोलीच्या भिंतीवर मराठी वर्तमानपत्रं काढणाऱ्या बारा जणांच्या तसबिरी लावायचं आपण ठरवलं आहे. फार चांगलं काम आहे. संध्याकाळी शाळेची पोरं तिथं अभ्यासाला बसतात, त्यांच्या डोळ्यांपुढे ही माणसं रोज राहतील. मी सुचवलेलं तेरावं नाव मात्र खोडलेलं दिसलं. माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे. नावापुढे पेन्सिलीनं कारणं लिहिली आहेत : व्हाइसरॉयच्या मंडळात होते, वेगळा विदर्भ मागत होते, आपल्या भागाशी संबंध नाही.

भिंतीला जागा नाही असं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ही कारणं वाचून मात्र राहवलं नाही. यादी सगळ्यांसाठी लागली आहे, म्हणून पत्रही सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

नव्या सभासदांना मी माहीत नसेन. इस्लामपूरजवळच्या आपल्या याच गावात मी अडतीस वर्षं ट्रेडल छापखाना चालवला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, आणि काही वर्षं एका स्थानिक साप्ताहिकाची पानं. पुढे ऑफसेट आलं, संगणक आला, आणि मशीन झाकून ठेवलं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, दोन केस अजून घरी आहेत.

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते. ‘हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले.’ वाचणारा माणूस तिथवर जात नाही. आम्ही जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, मात्र ती ओळ एकदा जुळवली की दोऱ्यानं बांधून गॅलीच्या कोपऱ्यात ठेवायचो. अंक छापून झाला की बाकीचा मजकूर सोडायचा, एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. ती ओळ सोडायची नाही. पुढच्या अंकाला तीच उचलून लावायची. १८६७च्या कायद्यानं ती सक्तीची केली होती, आणि इंग्रज अंमलात अंक पोलिसाच्या हातात पडला की अग्रलेखाच्या आधी तीच ओळ वाचली जायची. छापलेल्या शब्दाचा धनी कोण, ते तिथं लिहिलेलं असायचं. बेडी पडायची ती त्या नावाला.

वर्तमानपत्र काढणारा माणूस मी या ओळीवरून ओळखतो. चांगलं लिहिणारे पुष्कळ असतात. लिहिलेल्याखाली आपलं नाव टाकून दारात पोलीस येण्याची वाट बघणारे थोडे.

बापूजींनी यवतमाळात साप्ताहिक सुरू केलं ते १९१८ साली. तेव्हा १९१०चा प्रेस कायदा लागू होता. नवा छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेट पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागू शकायचा. काही आक्षेपार्ह छापलं असं सरकारला वाटलं की ती रक्कम जप्त, आणि पुन्हा सुरू करायचं तर हजारापासून दहा हजारापर्यंत नवा जामीन. तालुक्याच्या गावातल्या छापखान्याची सगळी मिळकत विकली तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. हा कायदा १९२२ साली रद्द झाला, तोवर कितीतरी पत्रं त्याखाली बसली. अशा दिवसांत वणीत जन्मलेला, यवतमाळात वकिली करणारा अडतीस वर्षांचा माणूस, ज्याची पक्षकारांची ये-जा चांगली होती, ही जोखीम उचलतो. लोकमान्य टिळक त्यांचे गुरू. पत्राला नावही टिळकांनी दिलं : ‘लोकमत’.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर दोघं-तिघं याच नावाच्या अंकासाठी थांबलेले असतात. बापूजींचं ते साप्ताहिक पुढे बंद पडलं. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी ते नाव पुन्हा उचललं आणि १९७१ साली नागपुरातून त्याचं दैनिक झालं. म्हणजे ज्याची तसबीर भिंतीवर नको म्हणतो, त्याच्या गुरूनं ठेवलेलं नाव आपण रोज सकाळी हातात धरतो. त्या पोरांना हे कुणी सांगायचं?

आपल्या भागाशी संबंध नाही, हे कारण मला सगळ्यात हलकं वाटतं. यादीत आपण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना घेतलं आहे, ते सांगलीचे, त्यांनी ‘नवाकाळ’ काढला. न. चिं. केळकरांना घेतलं आहे, ते मिरजेत वाढले, साताऱ्यात वकिली करत होते आणि १८९६ साली टिळकांनी त्यांना पुण्यात बोलावून घेतलं. दोघंही त्या भिंतीवर हवेतच. पण केळकर ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं बापूजी गेले. टिळकांची प्रतियोगी सहकारिता धरून १९२५–२६ साली केळकर, जयकर, मुंजे आणि अणे एकत्र चालले. कायदेमंडळात शिरायचं, सत्तेच्या जागा घ्यायच्या आणि तिथून झुंजायचं, हे त्या चौघांचं मत. केळकरांना ते मत चालतं आणि अण्यांना ते डाग म्हणून लागतं, हे कसं?

आणि संबंधच बघायचा तर १९३० बघा. त्या पावसाळ्यात आपल्याकडे शिराळा तालुक्यात बिळाशीच्या लोकांनी जंगलचा कायदा मोडला, सागाचं झाड आणून देवळापुढे तिरंगा उभा केला. बिळाशीचं नाव इथल्या प्रत्येक घरात आहे. त्याच पावसाळ्यात, १० जुलैला, बापूजी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा घेऊन शिरले आणि परवान्याशिवाय गवत कापलं. त्यासाठी ते तुरुंगात गेले. मध्यवर्ती कायदेमंडळात अनेक वर्षं बसलेला, १९२८च्या नेहरू समितीचा सदस्य असलेला, त्याच साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला माणूस पन्नाशीला टेकलेला असताना वाकून गवत कापतो, हे चित्र पोरांना दाखवण्यासारखं आहे. बिळाशी आणि पुसद यांच्यामध्ये अख्खा महाराष्ट्र पसरला आहे, पण विळा एकाच कायद्यावर पडला होता.

मधली वर्षं मी लांबवत नाही. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. सामुदायिक कायदेभंग थांबवण्याची घोषणा करायचं अप्रिय काम त्यांच्या वाट्याला आलं. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या, म्हणजे इंग्रजांनी जमातवार वेगळे मतदारसंघ दिले त्या प्रश्नावर काँग्रेसची भूमिका पटली नाही, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. त्यात ते बरोबर होते की चूक, यावर वाचनालयात चर्चा ठेवली तर मी पहिल्या रांगेत बसेन.

आता व्हाइसरॉय. हा आक्षेप मी उडवून लावू शकत नाही, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, १० सप्टेंबर १९४२ला इस्लामपूरच्या मोर्चात होते. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार होऊन माणसं गेली होती. ती बातमी आली होती तरी लोक निघाले. इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. आबांच्या पोटरीवर लाठी बसली. शेवटपर्यंत थंडीच्या दिवसांत ते तिथं तेल चोळत बसायचे, आणि आम्हा पोरांना तेलाची वाटी आणून द्यावी लागायची. पुढे पत्री सरकारच्या कार्यकर्त्यांना रात्री शेतात भाकरी पोचवायचं काम आमच्या घरानं केलं. आबांसमोर अण्यांचं नाव काढलेलं खपत नसे. ते म्हणायचे, ‘आमी हितं मार खात हुतो, तवा ते दिल्लीत सायबाच्या मांडीला मांडी लावून बसलं हुतं.’

आबा खरंच बोलत होते. जुलै १९४१मध्ये व्हाइसरॉयनं आपलं कार्यकारी मंडळ वाढवलं, त्यात बापूजींनी जागा घेतली. परदेशातल्या हिंदी लोकांचं खातं त्यांच्याकडे आलं. ऑगस्ट १९४२ला गांधीजींसह सगळे नेते पकडले गेले, तेव्हा ज्या सरकारनं पकडलं त्या सरकारात ते होते. वडूज, इस्लामपूर झालं तेव्हाही होते. त्याही आधी, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला जे झालं तेव्हाही होते. चिमूर चांदा जिल्ह्यात. बापूजींच्या वणीहून वर्धा नदी ओलांडली की चांद्याचीच हद्द लागते. तिथं लोकांनी अधिकाऱ्यांना मारलं, आणि त्यानंतर फौज आणि पोलिसांनी गावावर, बायाबापड्यांवर जे केलं ते लिहायला माझा हात धजत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेवाग्रामच्या गांधीजींच्या आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले आणि चिमूरच्या चौकशीसाठी बापूजींच्या बंगल्याच्या दारात उपोषणाला बसले. व्हाइसरॉयच्या दारात ते बसले नाहीत. गाऱ्हाणं आपल्या माणसाकडे न्यायचं असतं, म्हणून वऱ्हाडच्या या माणसाच्या दारात बसले. पोलिसांनी त्यांना उचलून परत पाठवलं, त्यांनी उपोषण सोडलं नाही. एकूण त्रेसष्ट दिवस चाललं, जानेवारीत संपलं.

मंडळी, त्या दाराचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाहेर अन्न सोडून बसलेला माणूस, आत खुर्चीवर बसलेला माणूस, आणि दोघांना ठाऊक आहे की बाहेरचा बरोबर आहे. बापूजींनी त्या दिवशी राजीनामा द्यायला हवा होता. त्यांनी तो दिला नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. तिला मी पांघरूण घालत नाही.

१० फेब्रुवारी १९४३ला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं, ते दगावले तर पुढे काय करायचं याची तयारी करून बसलं होतं. १७ तारखेला, उपोषणाच्या आठव्या दिवशी, मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले : होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. बाकीचे खुर्चीवर राहिले.

ही गोष्ट मी आबांना वाचून दाखवली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘दिला, पर उशिरा दिला.’ मलाही तसंच वाटतं. ऑगस्ट ते फेब्रुवारी, सहा महिने उशीर. पण ‘उशिरा दिला’ आणि ‘दिलाच नाही’ यांत फरक आहे. पेन्सिलीनं लिहिलेल्या आपल्या कारणात तो फरक पुसला गेला. तिथं फक्त ‘व्हाइसरॉयच्या मंडळात होते’ एवढंच आहे. अर्धी ओळ जुळवून फर्मा मशीनवर चढवला तर आमच्या धंद्यात जुळाऱ्याला घरी पाठवायचे.

यापुढचं सांगितलं नाही तर मीही तेच केल्यासारखं होईल. २४ जुलै १९४३ला वसंतदादांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, दादांना गोळी लागली. त्याच साली बापूजींनी पुन्हा त्याच सरकारची नेमणूक घेतली आणि भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. १९४७पर्यंत ते कोलंबोत होते. आबांनी हे ऐकलं तेव्हा उठून अंगणात गेले.

मीही खूप वर्षं तिथंच अडकलो होतो. मग सिलोनमध्ये काम काय होतं ते वाचत गेलो, आणि ते वाचताना मला माझं गाव दिसायला लागलं.

सिलोनच्या डोंगरात इंग्रजांनी आधी कॉफीचे आणि मग चहाचे मळे उठवले, त्यावर राबायला तमिळ मुलखातून माणसं नेली. माणसं आणायचं काम कंगाणीकडे असायचं. कंगाणी गावात जायचा, हातावर उचल ठेवायचा, कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन यायचा, आणि ती उचल फिटेपर्यंत माणूस त्याच्या ताब्यात. राहायला लांबच लांब चाळी, एकेका खोलीत एकेक घर. हे वाचून आपल्यापैकी कुणाला काही आठवत नाही का? दसरा-दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या वाळवा तालुक्यात उतरतात. मुकादमानं उचल दिलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता, बांधावर पाचटाची कोपी, आणि पोराची शाळा बुडालेली. वाचनालयाच्या मागच्या रानात दर हिवाळ्यात त्यांची चूल पेटलेली दिसते. कंगाणीच्या जागी मुकादम ठेवला की सिलोनचा मळा इथं दिसतो.

फरक एवढाच की आपल्या टोळीच्या माणसाला मताचा हक्क आहे, त्याचा देश त्याच्या पायाखाली आहे. सिलोनमधल्या मळ्यांवर तेव्हा सुमारे सात लाख हिंदी माणसं होती. ती तिथंच जन्मली, तिथंच म्हातारी झाली, तरी त्यांना तिथलं मानायला सिंहली पुढारी तयार नव्हते. १९३९ साली हिंदुस्थान सरकारनं नव्या मजुरांना तिकडे जायला बंदी घातली होती. १९४१मध्ये हिंदुस्थान सरकारचे बाजपेयी आणि सिलोनचे सेनानायके यांच्यात बोलणी झाली, तीही तडीला गेली नाहीत. बापूजी पोचले ते या तिढ्यात. ते तिथं असतानाच सोलबरी कमिशन आलं, सिलोनची पुढची घटना आकाराला येत होती, आणि या सात लाखांचं नाव त्यात कुठं लिहायचं यावर ओढाताण चालली होती.

तो प्रश्न त्यांच्या हातून सुटला नाही. ते परतल्यानंतर, १९४८च्या नागरिकत्व कायद्यानं मळ्यांवरची बहुतेक तमिळ माणसं बिनदेशाची झाली. १९६४ साली शास्त्रीजी आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांचा करार झाला, त्यात सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाखांना सिलोननं आपलं म्हणायचं आणि दीड लाखांचं नंतर बघू, असं ठरलं. माणसांचे असे हिस्से पडले तेव्हा बापूजी लोकसभेत होते, ऐंशीच्या पुढचे. ज्यांची गाऱ्हाणी चार वर्षं कोलंबोत ऐकली, त्यांचे आकडे त्यांनी दिल्लीत ऐकले असतील.

आपल्या भिंतीवर वकील, संपादक, नाटककार आहेत. परमुलखात राबणाऱ्या मजुराच्या बाजूनं सरकारी कचेरीत बसलेला माणूस त्यांत एकही नाही. हे काम स्वतंत्र भारताचे राजदूत पुढे करू लागले. बापूजींनी ते भारताला स्वतःचा झेंडा नसताना केलं, परक्या सरकारच्या शिक्क्याखाली केलं, आणि तोच शिक्का आज त्यांच्या नावावर डाग म्हणून दाखवला जातो.

पुढचं थोडक्यात. ते संविधान सभेत होते. जानेवारी १९४८पासून जून १९५२पर्यंत बिहारचे राज्यपाल होते.

आणि मग विदर्भ. इथं मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा माणूस आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. आपल्या साताऱ्यानं १९५७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं, ते याच लाटेत. बापूजी वेगळा विदर्भ मागत राहिले. १९५५ साली राज्यांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानंही विदर्भ वेगळा असावा असंच सुचवलं होतं, तेव्हा ती मागणी काही एकट्या माणसाचा हट्ट नव्हती. १९५९ साली नागपूरच्या पोटनिवडणुकीत ते अपक्ष उभे राहून निवडून आले. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि १९६२ साली नागपूरकरांनी त्यांना पुन्हा अपक्ष म्हणूनच निवडून दिलं. मोठा पक्ष पाठीशी नाही, सरकार विरोधात, वय ऐंशीच्या पुढे.

म्हणजे १९५९ ते १९६२ या तीन वर्षांत एकाच सभागृहात दोघं बसले होते. पत्री सरकारचे नाना पाटील साताऱ्याकडून, आणि एकेकाळी व्हाइसरॉयच्या मंडळात असलेले अणे नागपूरकडून. दोघांनाही लोकांनी मतं देऊन पाठवलं होतं. लोकसभेनं दोघांना एका छपराखाली बसवलं, आपल्या वाचनखोलीच्या भिंतीला ते का जमू नये? मराठी माणसाशी मतभेद झाला म्हणून तो मराठी वर्तमानपत्र काढणाऱ्यांच्या यादीतून उतरत नाही. बापूजींचे नातू २०१६ साली राज्याचे महाधिवक्ता होते, त्यांनीही याच प्रश्नावर बोलून खुर्ची सोडली. मला त्यांचंही मत पटत नाही. पण आपल्या मताखाली नाव टाकायची आणि त्याची किंमत मोजायची त्या घराची सवय मला दिसते, आणि मी तिला हात जोडतो.

एक गोष्ट राहिली. टिळकांवर त्यांनी संस्कृतात ‘तिलकयशोर्णव’ हे महाकाव्य लिहिलं. २६ जानेवारी १९६८ला, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. पद्मविभूषण त्याच साली मिळालं. साहित्य अकादमीनं त्या काव्याला पुरस्कार दिला तो १९७३ साली, मरणोत्तर. कायदेमंडळ, तुरुंग, दिल्ली, कोलंबो, पाटणा आणि पुन्हा दिल्ली असं फिरलेल्या माणसानं ज्यानं आपल्या पत्राला नाव दिलं त्याचं चरित्र श्लोकांत बांधलं. आपल्या ग्रंथालयात संस्कृतची दोन कपाटं आहेत, त्यांत हे नाही. ग्रंथपालबाईंना मी मागणीच्या वहीत ते लिहून दिलं आहे, तेवढं तरी मंजूर व्हावं.

माझी विनंती अशी. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ही तसबीर घ्यावी आणि सभासदांना ठरवू द्यावं. सभेनं नाही म्हटलं तर मी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माझ्या बाकावर येऊन बसेन, वर्गणीही वेळेवर भरेन.

तसबीर नको म्हणणाऱ्यांत दोघं माझ्या वयाचे आहेत, त्यांच्याही घरांनी बेचाळीस सोसलं आहे. गड्यांनो, तुमचा राग मला कळतो. मी तो पुसायला सांगत नाही, भिंतीवर लिहायला सांगतो आहे. बापूजींच्या तसबिरीखाली जी पट्टी लागेल तिच्यात ‘लोकमत’ असेल, पुसदचं गवत असेल आणि ‘१९४१ ते १९४३, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, १७ फेब्रुवारी १९४३ रोजी राजीनामा’ हेही असेल. ही पट्टी मी स्वतः जुळवली आहे. परवा बऱ्याच वर्षांनी केस खाली उतरवल्या, धूळ झटकली. ‘व्ह’चा खिळा सापडेना, तो शेवटी ‘श्र’च्या खणात चुकून पडलेला निघाला. सगळ्या ओळी एकाच मापाच्या खिळ्यांत घेतल्या आहेत. मानाची ओळ मोठी आणि अडचणीची बारीक, असं केलेलं नाही.

फ्रेम सुताराकडे तयार आहे, खर्च माझा. पट्टीचं प्रूफ या पत्राला जोडलं आहे. चूक दिसली, किंवा आबांचं ‘उशिरा’ त्यात यायला हवं असं कुणाला वाटलं, तर लाल शाईनं समासात खूण करून ग्रंथपालबाईंकडे ठेवावं. शिसं अजून बांधलेलं आहे, मी दोन दिवसांत दुसरं प्रूफ काढून देईन.

आपला,
वाचनालयाचा एक जुना सभासद आणि जुळारी
ता. वाळवा, जि. सांगली